पडद्यावरचं घर आणि येवल्यातलं घर: दुरुस्तीचा हिशेब वाचायचा कसा?

घर दुरुस्तीचे टीव्ही शो तुम्ही पाहिले असतील. सुरुवातीला गळकं छत, पोपडे आलेल्या भिंती, अंधारं स्वयंपाकघर. मग हातोडा घेऊन एक हसतमुख माणूस येतो, भिंत पडते, संगीत वाढतं. पाऊण तासात घर नवं होतं, घरातली माणसं डोळे पुसतात आणि पडद्याच्या खालच्या बाजूला एक आकडा येतो: एकूण खर्च इतका.

हे शो मी करमणूक म्हणूनच बघायला लागलो. पण घरांच्या खर्चाचा इतिहास हा विषय डोक्यात असला की तो शेवटचा आकडा काही सोडत नाही. त्या आकड्यात काय धरलंय? मजुरी धरली का? घर बंद होतं तेव्हा ही माणसं कुठे राहिली, कामाला कुठून गेली? पैसे कोणी दिले? पुढच्या वर्षी घरपट्टी किती आली? शोमध्ये यातलं बहुतेक काही सांगत नाहीत.

शो नकली असतात, हे सांगायला पीएच.डी. लागत नाही. तो संशोधनाचा प्रश्नही नाही. संशोधनाचा प्रश्न वेगळा आहे: घराच्या खर्चाचा कुठलाही आकडा समोर आला, मग तो टीव्हीवरचा असो, सरकारी योजनेतला असो की अठराव्या शतकातला, तर त्याच्या कडा कुठे आहेत हे कसं शोधायचं? म्हणजे काय आत धरलं आणि काय बाहेर ठेवलं? या लेखात मी टीव्हीवरचा हिशेब येवल्यातल्या एका घरावर ठेवून बघणार आहे. येवलाच का, ते ओघात येईल.

आधी पडद्याचा इतिहास, थोडक्यात

हा प्रकार अमेरिकेत रुजला तो 1979 साली. बॉस्टनच्या सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्राने 'धिस ओल्ड हाउस' हा कार्यक्रम सुरू केला आणि डॉर्चेस्टर भागातलं एक जुनं घर भाग पाडून, टप्प्याटप्प्याने दुरुस्त करून दाखवलं. बॉब व्हिला हा त्याचा निवेदक. कार्यक्रम संथ होता. पाइप कसा जोडायचा, लाकूड का कुजतं, हे नीट समजावून सांगायचा. पण पैशाचा प्रश्न तिथेही होताच. बांधकाम साहित्य विकणाऱ्या कंपन्या या कार्यक्रमाच्या पुरस्कर्त्या होत्या. 1989 मध्ये व्हिला यांनी एका दुकानसाखळीची जाहिरात केली. ती साखळी कार्यक्रमाच्या एका मोठ्या पुरस्कर्त्याची स्पर्धक होती. पुरस्कर्त्याने हात काढून घेतला आणि व्हिला यांना कार्यक्रम सोडावा लागला. घर कोणाचं, हे आपल्याला पडद्यावर दिसत होतं. कार्यक्रम कोणाच्या पैशावर उभा आहे, हे त्या वादामुळे सगळ्यांना दिसलं.

1996 मध्ये बीबीसीवर 'चेंजिंग रूम्स' आला. दोन शेजारी कुटुंबं एकमेकांच्या घरातली एकेक खोली दोन दिवसांत बदलून टाकायची. बजेट प्रत्येक खोलीला 500 पौंड. प्रेक्षकांच्या डोक्यात आकडा पक्का बसला: 500 पौंडांत खोली नवी होते! आता बघा, डिझायनर कार्यक्रमाचा, सुतार कार्यक्रमाचा आणि रंग मारणारे शेजारी फुकट. म्हणजे 500 पौंड हा खोलीचा खर्च नव्हताच. तो मुख्यतः सामानाचा खर्च होता.

2003 मध्ये एबीसी वाहिनीवर 'एक्स्ट्रीम मेकओव्हर: होम एडिशन' सुरू झाला आणि 2012 पर्यंत नियमित चालला. इथे घराची नुसती दुरुस्ती नाही, बऱ्याचदा जुनं घर पाडून सात दिवसांत नवं उभं करायचे. साहित्य आणि श्रम बिल्डर, कंपन्या आणि स्वयंसेवकांकडून. आता इतकी मोठी भेट मिळाली तर तिच्यावर प्राप्तिकर लागणार की नाही? त्यावर काढलेली वाट तेव्हा बातम्यांत बरीच गाजली. अमेरिकेच्या करकायद्यात एक तरतूद आहे: राहतं घर वर्षात पंधरा दिवसांपेक्षा कमी काळ भाड्याने दिलं तर त्या भाड्यावर कर नाही. निर्मात्यांनी तेवढ्या दिवसांसाठी घर भाड्याने घेतलं असं दाखवायचं आणि घरात केलेली सुधारणा म्हणजेच भाडं, असं धरायचं. सात दिवसांत घर उभं करण्यात नाट्य होतंच, पण थोड्या दिवसांत काम उरकण्यात करही वाचत होता.

पण घरावरचा स्थानिक कर असा टळत नाही. घर मोठं झालं की त्याचं मूल्यांकन वाढतं आणि मूल्यांकन वाढलं की दरवर्षीचा कर वाढतो. विजेचं बिलही वाढतं. जॉर्जिया राज्यात अटलांटाजवळ या कार्यक्रमातून एका कुटुंबाला मोठं घर मिळालं होतं. त्यांनी ते तारण ठेवून 4,50,000 डॉलरचं कर्ज घेतलं आणि 2008 मध्ये त्या घरावर जप्तीची वेळ आली. या बातमीवर लोकांनी कुटुंबालाच बोल लावले. आपण मात्र एवढंच टिपून ठेवायचं की कार्यक्रमाचा हिशेब किल्ल्या हातात दिल्या त्या क्षणी संपला होता. घराचा हिशेब तिथे सुरू झाला.

आपल्याकडे हा प्रकार त्या प्रमाणात फोफावला नाही. एका रंग बनवणाऱ्या कंपनीने 2017 पासून नामवंतांची घरं दाखवणारी मालिका इंटरनेटवर चालवली, पण तिथे खर्चाचा विषयच नाही. मराठी घराघरांत कॅमेरा नेणारा खरा कार्यक्रम म्हणजे 2004 साली सुरू झालेला 'होम मिनिस्टर'. तिथे घर बदलायचं नाही, वहिनींना पैठणी मिळायची. आणि पैठणी म्हटलं की आपण येवल्यात येऊन पोहोचतो.

येवल्याच्या घरात माग आहे

येवला नाशिकपासून सुमारे 80 किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यावर. 13 ऑक्टोबर 1935 ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती याच गावी. आणि आज महाराष्ट्रात पैठणी म्हटलं की पैठणच्या बरोबरीने किंवा त्याच्याही आधी येवल्याचं नाव येतं. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाची गोष्ट अशी, की हातमागाची पैठणी मुख्यतः विणकरांच्या घरात विणली जाते. पुढच्या खोलीत किंवा मागच्या पडवीत माग, बाजूला चूल, वर माळा. खड्डा माग असेल तर जमिनीत खड्डा असतो, विणकर काठावर बसतो आणि पाय खड्ड्यातल्या पावड्यांवर असतात. त्यामुळे जमीन हा इथे अवजाराचाच भाग आहे. फरशी बसवायची म्हटली तर खड्ड्याचं काय करायचं, हे आधी ठरवावं लागतं. मागावर जॅकार्ड चढवला असेल तर छताची उंची कमी करता येत नाही. पावसाळ्यात गळती झाली तर ती रेशमावर आणि जरीवर. साध्या घरात गळक्या कौलाखाली बादली ठेवून एक पावसाळा निभावून नेता येतो. मागाच्या घरात तेवढं सोपं नाही.

म्हणून मी येवलं निवडलं. राहण्याचं घर आणि कमावण्याची जागा एकच असली की टीव्हीच्या हिशेबातून काय गळलंय ते झाकून राहत नाही.

एक उदाहरण मांडून बघू

पुढचे आकडे निव्वळ उदाहरणादाखल घेतलेत, हे आधीच सांगतो. ते कुठल्या पाहणीतले नाहीत. पद्धत कळावी म्हणून सोपे आकडे घेतलेत.

समजा, एका विणकर कुटुंबाचं छप्पर बदलायचं आहे. पत्रे, लाकूड, सुताराची आणि गवंड्याची मजुरी मिळून बिल आलं 25,000 रुपये. टीव्हीच्या हिशेबाने खर्च इतकाच.

आता मागाकडे वळू. समजा, हातातल्या पैठणीला दोन महिने लागतात आणि तिची विणाई 20,000 रुपये ठरली आहे. म्हणजे दिवसाला साधारण 333 रुपये. छप्पर उघडायचं तर माग झाकून चालत नाही, धूळ आणि ऊन थेट ताण्यावर येतं. म्हणून एक तर चालू साडी पूर्ण होईपर्यंत काम थांबवायचं, नाही तर माग सोडायचा. समजा, माग उतरवणं, छताचं काम, परत माग उभा करून ताणा लावणं यात 21 दिवस गेले. बुडालेली मजुरी झाली 7,000 रुपये. ही रक्कम कुठल्याही बिलात नाही, पण खर्च 25,000 वरून 32,000 वर गेला. म्हणजे 28 टक्के जास्त. घरात दोन माग असतील तर 14,000.

पुढचा प्रश्न, 25,000 आणले कुठून? विणकर स्वतः रेशीम-जर विकत घेऊन विणत असेल तर त्याचं भांडवल मागावर अडकलेलं असतं. व्यापाऱ्यासाठी मजुरीवर विणत असेल तर उचल घेणं हा जवळचा रस्ता. उचल पुढच्या साड्यांच्या मजुरीतून वळती होते. तिच्यावर व्याज लिहिलेलं नसेलही, पण ती फिटेपर्यंत दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जाता येत नाही किंवा दराबद्दल घासाघीस करता येत नाही, ही तिची किंमतच की. ही किंमत रुपयांत मांडणं अवघड आहे. अवघड आहे म्हणून ती शून्य धरायची का? टीव्हीचा शो ती शून्य धरतो. आपण तरी धरू नये.

आणि श्रम. छपराचं काम चालू असताना सामान हलवणं, मजुरांचा चहा, पाणी भरणं, रात्री जागून रेशीम सांभाळणं, हे घरातली माणसं करतात, त्यातही बहुतेक वेळा बायका. एरवी कांड्या भरण्याचं कामही बऱ्याच घरांत त्याच करतात आणि ते विणाईच्या मजुरीत गृहीत धरलेलं असतं. 'चेंजिंग रूम्स'मध्ये रंग मारणारे शेजारी फुकट होते, इथे घरातली बाई फुकट आहे. मजेने केलेलं फुकट आणि गत्यंतर नाही म्हणून केलेलं फुकट यात फरक आहे, पण हिशेबाच्या वहीत दोन्हींची जागा सारखीच कोरी असते.

तर टीव्हीच्या आकड्यातून गळलेल्या चार गोष्टी अशा: श्रम, थांबलेली कमाई, पैसा कोणी कोणत्या अटीवर दिला ते, आणि काम झाल्यानंतर वर्षानुवर्षं येणारा खर्च. पुढचं सगळं वाचताना या चार गोष्टी डोक्यात ठेवा.

सरकारी हिशेबातली दुरुस्ती

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, टीव्ही तो टीव्हीच, त्याच्याकडून काय अपेक्षा करायची? मान्य. पण माझ्या दृष्टीने खरी गोष्ट पुढे आहे. टीव्हीला दुरुस्तीपेक्षा कायापालट आवडतो, आणि आपल्या धोरणांनाही तीच सवय आहे.

प्राप्तिकराचं घ्या. 1961च्या कायद्यात, जुन्या कररचनेनुसार, राहतं घर कर्ज काढून विकत घेतलं किंवा बांधलं, तर अटींच्या अधीन राहून वर्षाला 2,00,000 रुपयांपर्यंतच्या व्याजाची वजावट मिळते. तेच कर्ज राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी काढलं तर मर्यादा 30,000 रुपये. एकाच कायद्यात नव्या घराला आणि जुन्या घराच्या डागडुजीला किती वजन आहे, ते या दोन आकड्यांवरून कळतं.

प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी भाग 25 जून 2015 ला सुरू झाला. स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधणाऱ्या घटकात केंद्राचे 1,50,000 आणि महाराष्ट्र सरकारचे 1,00,000, मिळून 2,50,000 रुपयांचं अनुदान. छोट्या गावांतल्या अनेक कुटुंबांना याचा मोठा आधार झाला, हे निर्विवाद. पण अटी वाचा. कुटुंबाच्या नावे देशात कुठेही पक्कं घर नको. आणि नवं न बांधता असलेलं घर वाढवायचं असेल तर किमान 9 चौरस मीटर चटई क्षेत्राची भर पडावी लागे. म्हणजे छत बदलणं, कुजलेली तुळई काढणं, भिंतीला पाठबळ देणं या कामांना इथे खानाच नव्हता. नवी खोली काढली, तर पैसे होते. जुनी खोली वाचवली, तर नव्हते. शिवाय जुन्या वाड्यात तीन-चार भावांचे हिस्से असतील तर जागेची मालकी एकट्याच्या नावावर दाखवणं हेच मोठं काम होऊन बसतं.

या योजनेतली आणखी एक गंमत इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी. बांधकामाच्या टप्प्यांचे फोटो ठिकाणाच्या नोंदीसह काढून 'भुवन' या प्रणालीवर चढवायचे असतात. मोकळी जागा, पाया, भिंती, छप्पर, पूर्ण झालेलं घर. आधी असं होतं, आता असं झालं! टीव्हीच्या शोचा सगळा साचा इथे सरकारी पुरावा म्हणून वापरला जातो. पन्नास वर्षांनी कोणी 2015 नंतरच्या गावांचा इतिहास लिहायला बसेल, तेव्हा त्याच्यासमोर नव्या घरांचे फोटो ढिगाने असतील. डागडुजी करून टिकवलेल्या घरांचा फोटो काढायला कोणी गेलेलं नसेल.

भाड्याच्या घरांचीही हीच कथा. 1947च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडं ठरवताना 1 सप्टेंबर 1940 ही तारीख धरली. भाडेकरूला संरक्षण मिळालं आणि ते त्या काळी गरजेचंच होतं. पण भाडं गोठलं आणि विटा, चुना, लाकूड यांचे भाव काही गोठले नाहीत. दुरुस्तीची जबाबदारी मालकावर. त्याने नोटीस देऊनही दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने स्वतः करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, पण वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. हीच मर्यादा 1999च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातही आली. गणित करा: भाडं महिन्याला 50 रुपये असेल तर वर्षाचे 600, त्याचा चौथा हिस्सा 150. दीडशे रुपयांत कुठलं छप्पर होतं? डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडं असं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही असं म्हटलं. 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढीची मुभा दिली. मूळ भाडंच 50 असेल तर 4 टक्के म्हणजे 2 रुपये.

मुंबईत या पेचावर वेगळा उपाय निघाला. 1969च्या कायद्याने इमारत दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळ आलं आणि जुन्या इमारतींवर उपकर बसवून दुरुस्तीचा निधी उभा करायचं ठरलं. त्या मंडळाच्या कारभारावर टीका पुष्कळ झाली, तो वेगळा विषय. पण दुरुस्ती हा सार्वजनिक खर्च असू शकतो हे तत्त्व तिथे कायद्यात आलं. ते आलं फक्त मुंबई बेटापुरतं. येवल्यासारख्या गावातला जुना वाडा त्या नकाशावर नाही.

सगळंच असं एकतर्फी नाही. सातव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (1985 ते 1990) हातमाग विणकरांसाठी घर आणि कामाची जागा एकत्र धरणारी केंद्राची योजना आली. घर ही कमाईची जागाही आहे, हे निदान एका सरकारी कागदाने मान्य केलं होतं. तिची अंमलबजावणी तुमच्या जिल्ह्यात कशी झाली, हा एम.फिल.च्या जुन्या काळातला नव्हे, आजच्या पीएच.डी.चाही उत्तम विषय आहे. हवा तर घेऊन टाका.

जुनी कागदपत्रंही हेच करतात

आता मागे जाऊ. शनिवारवाड्याचं बांधकाम 10 जानेवारी 1730 ला सुरू झालं, वास्तुशांत 22 जानेवारी 1732 ला झाली आणि खर्च आला 16,110 रुपये. हा आकडा सहलीच्या माहितीफलकापासून स्पर्धा परीक्षेच्या गाइडपर्यंत सगळीकडे भेटतो. आपण तो 'चेंजिंग रूम्स'च्या 500 पौंडांसारखाच ऐकतो: केवढ्यात झाला बघा वाडा! पण बाजीरावाच्या काळात उभा राहिलेला वाडा आणि पुढच्या पेशव्यांनी तट-दरवाजे, दिवाणखाने, कारंजी वाढवत नेलेला वाडा या एकच गोष्टी नाहीत. 16,110 हा पहिल्या टप्प्याचा आकडा आहे. पुढची नव्वद-एक वर्षं तो वाडा उभा ठेवायला, शाकारायला, रंगवायला, 1828च्या आगीपर्यंत सांभाळायला काय लागलं, ते या एका आकड्यात असूच शकत नाही. वास्तुशांत हा त्या काळचा शेवटचा एपिसोड म्हणा हवं तर. आकडा तिथे थांबतो.

इंग्रजी अमलातल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांतही तेच. पुण्याच्या 1885च्या खंडात जातवार वर्णनं आहेत, त्यात अमुक समाजाचं घर बांधायला इतके रुपये, भाडं इतकं, भांडीकुंडी इतक्याची, अशा नोंदी सापडतात. संशोधक म्हणून आपण त्यावर तुटून पडतो, कारण आयते आकडे मिळतात. पण दर पावसाळ्याआधी कौलं चाळायला किती, भिंत लिंपायला किती, हे त्या साच्यात येत नाही. लिहिणाऱ्याने लबाडी केली असं नाही. त्याला घराची किंमत हवी होती, घर टिकवण्याची नको होती.

आपल्याकडे राजवाड्यांपासून एक शिस्त चालत आली आहे: बखर वाचताना ती कोणी, कोणासाठी, कधी लिहिली ते आधी विचारा आणि अस्सल कागदांशी ताडून बघा. घर दुरुस्तीचा शो हीसुद्धा एक प्रकारची बखरच आहे. तिला खोटी म्हणून फेकून देऊ नका, खरी म्हणून उतरवूनही घेऊ नका. लिहवून घेणारा कोण होता, एवढं आधी विचारा.

मग दुरुस्तीचा पुरावा शोधायचा कुठे?

हा भाग खास संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी.

सगळ्यात आधी लोक मिळकत पत्रिकेकडे धावतात. ती घ्याच. मालकी कशी बदलली, बोजा कधी चढला, कधी उतरला, हे तिथे दिसतं. पण दुरुस्ती तिच्यात थेट दिसत नाही. बोजा चढल्याची तारीख दिसली तर एक धागा मिळतो: त्या सुमारास घरात काय झालं? लग्न, आजारपण की छप्पर? उत्तर घरातल्या माणसांकडेच मिळेल.

दुसरं, नगरपालिकेची कर आकारणीची नोंद. घरपट्टी ठरवताना भाड्याच्या अंदाजातून दुरुस्तीपोटी ठरावीक 10 टक्के वजा करायची पद्धत आपल्या नगरपालिका कायद्यात आहे. म्हणजे दुरुस्तीवर एक पैसा खर्च करा नाही तर लाख रुपये, कागदावर ती 10 टक्केच. दुरुस्तीची नोंद आहे, पण दुरुस्तीबद्दल ती काहीच सांगत नाही. पुरावा वाचताना अशा ठरीव आकड्यांपासून जपा. दोनशे घरांची नोंदवही उतरवून काढून 'सगळे जण 10 टक्के खर्च करतात' असा निष्कर्ष काढाल आणि तोंडी परीक्षेत फजिती होईल.

तिसरं, कायदा वाचताना त्याची परिशिष्टं वाचा. भाडे नियंत्रण कायदा परिशिष्टात दिलेल्या क्षेत्रांना आणि ठरावीक कारणांसाठी दिलेल्या जागांना लागू होतो. आपलं गाव आणि आपली मिळकत त्यात बसते का, कोणत्या सालापासून, हे पाहिल्याशिवाय त्या कायद्याच्या जोरावर एकही वाक्य लिहू नका.

चौथं, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचं: सुताराची वही, सिमेंट-पत्र्याच्या दुकानाची उधारीची खातेवही, व्यापाऱ्याकडची उचलीची नोंद, घरातली जमाखर्चाची डायरी. ही कागदपत्रं कुठल्याही अभिलेखागारात नाहीत. ती माळ्यावर असतात आणि घर पाडलं की आधी तीच रद्दीत जातात. कायापालट झाला की डागडुजीचा पुरावाही जातो. आपल्या हाती मग फक्त 'नंतर'चा फोटो उरतो.

मुलाखतीला बसाल तेव्हा 'दुरुस्तीला किती खर्च आला' असं विचारू नका. त्याचं उत्तर बिलाचा आकडा असंच येतं, टीव्हीसारखं. 'तेव्हा माग किती दिवस बंद होता?' हे विचारा. 'साडी अर्धी होती का?' 'सामान कुठे ठेवलंत?' 'त्या वर्षी कोणाचं काय राहून गेलं?' अशा प्रश्नांना माणसं आठवून आठवून उत्तरं देतात, कारण पैसे विसरले तरी बंद पडलेला माग विसरत नाहीत.

आणि हे सगळं कशासाठी?

एका साध्या गोष्टीसाठी. ज्या खर्चाची नोंद नसते त्याला अनुदान नसतं, त्यावर कर्ज मिळत नाही आणि त्याचा इतिहासही लिहिला जात नाही. छप्पर शाकारण्याचा खर्च कुठेच धरला गेला नाही, तर कागदावर एकच शहाणपण उरतं: जुनं पाडा, नवं बांधा. नव्या आराखड्यात राहायची खोली धरलेली असते, मागाची जागा धरलेली असेलच असं नाही. माग घरातून बाहेर गेला की तो भाड्याच्या शेडमध्ये जातो किंवा बंद होतो. मग दोन महिने खपून विणलेली साडी टीव्हीवर बक्षीस म्हणून दिसत राहते, पण ती कुठल्या छपराखाली विणली हे विचारायला ते घर राहत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी पडद्यावर तो आकडा आला की वही काढा आणि चार रकाने आखा: श्रम कोणाचे, कमाई किती दिवस थांबली, पैसा कोणाचा आणि कोणत्या अटीवर, नंतर दरवर्षी किती. पहिल्या एपिसोडला चारही रकाने रिकामे राहतील. हरकत नाही. मग तीच वही घेऊन स्वतःच्या घरात जा, आई-वडिलांना किंवा आजीला शेवटच्या दुरुस्तीबद्दल विचारा आणि तेच रकाने भरायचा प्रयत्न करा. जो रकाना भरताना घरात वाद होईल, तिथे तुमच्या संशोधनाचा प्रश्न आहे असं समजा.